रात्री पावणेतीनला घेतलेल्या सहीला संमती म्हणायचं का?

कृष्णाकाठची

नमस्कार. लिहू की नको असं दोन आठवडे चाललंय, आज लिहितेय कारण घरात या विषयावर बोलायला गेलं की भाऊ उठून बाहेर जातो.

फेब्रुवारीत आमच्या अण्णांना (वडील, वय ६७) रात्री रस्त्यावर मोटरसायकलनं उडवलं. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीचीच, मोटर चालू करून घरी येत होते. १०८ नं आधी तालुक्याला नेलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. डोक्याला मार, पूर्ण बेशुद्ध. मी पुण्याहून गाडी करून निघाले पण पोचेपर्यंत सकाळ झाली, तोवर सगळं धाकट्या भावानं एकट्यानं बघितलं. पाचव्या दिवशी अण्णा गेले.

आता विम्याच्या क्लेमसाठी फाइल उघडली. केस पेपर, सीटी स्कॅन, एमएलसीची (अपघाताच्या पोलिस नोंदीची) झेरॉक्स, मेडिकलची बिलं, आणि त्यातच स्टेपल केलेली नऊ पानं, वर लिहिलंय 'सहभागी व्यक्तीसाठी माहितीपत्रक'. वाचलं तर अण्णा कसल्यातरी औषधाच्या अभ्यासात होते. अर्ध्या पेशंटना औषध, अर्ध्यांना नुसतं सलाईन, कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरलाही माहीत नसणार. शेवटच्या पानावर भावाची सही. तो सहीखाली दोन टिंबं देतो, दहावीपासूनची सवय आहे त्याची. या सहीखाली टिंबं नाहीत आणि रेघ चौकटीच्या बाहेर गेलीय. नातं: मुलगा. वेळ: ०२.४५. आणि वर छापलेलं, 'मी वरील माहिती वाचली असून मला ती समजली आहे'.

भावाला विचारलं तर म्हणाला त्या रात्री सहा-सात ठिकाणी सह्या केल्या, अ‍ॅडमिशनची, सीटीची, रक्ताची, व्हेंटिलेटरची, त्यातलीच एक असेल. कोणीतरी "एक औषधाचा अभ्यास चालूये, इथं सही करा" म्हणालं होतं एवढंच त्याला आठवतं. पण आता त्याच्या डोक्यात बसलंय की मी सही केली म्हणून अण्णा गेले. नीट जेवत नाही. रात्री ओट्यावर बसून असतो.

मला भांडायचं नाहीये, त्या डॉक्टरांनी अण्णांसाठी धावपळ केली ती माझ्या डोळ्यासमोर आहे. पण पेशंट बेशुद्ध आणि नातेवाईक भानावर नाही, अशा वेळी संशोधनात घेणं बरोबर आहे का? बाहेरच्या देशात म्हणे विचारतच नाहीत, ते यापेक्षा बरं की वाईट? आणि अण्णांना नक्की काय दिलं ते कळू शकतं का?

कॅज्युअल्टीवाला

ताई, मी इमर्जन्सीचा डॉक्टर, सोळा वर्षं झाली. आधी भावाचं बोलू. अशा अभ्यासात नेहमीचे उपचार कोणालाच बंद करत नाहीत, सीटी, ऑपरेशन, व्हेंटिलेटर जे लागतं ते दोन्ही गटांना मिळतं, अभ्यासाचं औषध त्यावर जास्तीचं. आणि डोक्याला एवढा मार लागून पूर्ण बेशुद्ध आलेला ६७ वर्षांचा माणूस, यात जीव जाण्याचा धोका कुठलाही अभ्यास नसताना सुद्धा फार मोठा असतो. पण "सहीचा काही संबंध नाही" असं मी इथे बसून ठामपणे सांगणार नाही, तेवढ्यानं त्याचं समाधान होणार नाही आणि ते माझ्या हातात पण नाही. कागद बघूनच ते सांगता येईल. कसं ते खाली लिहितो.

मग असे अभ्यास करतात कशाला. डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते म्हणून स्टिरॉइड द्यायची पद्धत जगभर होती, तीसेक वर्षं. सगळ्यांना वाटायचं उपयोग होतो, सूज म्हटलं की स्टिरॉइड. मग क्रॅश नावाचा अभ्यास झाला, त्यात १०,००८ पेशंट, निम्म्यांना स्टिरॉइड निम्म्यांना प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं), आणि २००४ मध्ये तो मधेच थांबवावा लागला कारण दोन आठवड्यांत मेलेल्यांचं प्रमाण स्टिरॉइडवाल्यांत २१.१ टक्के आणि दुसऱ्यांत १७.९ टक्के निघालं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही चांगल्या मनानं माणसं मारत होतो आणि त्या स्टिरॉइडसाठी कोणी कधी वेगळी सही मागितली नाही, कारण त्याला 'उपचार' म्हणत होते. बेशुद्ध माणसांवर अभ्यास करायचाच नाही म्हटलं असतं तर आजही ते इंजेक्शन चालू असतं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. क्रॅश-२ हा त्याच लोकांचा पुढचा अभ्यास, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा, म्हणजे रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाचा, रक्तस्राव होत असलेल्या अपघातातल्या पेशंटचा, ४० देश, २०,२११ पेशंट, भारतातली हॉस्पिटलंही होती. मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. स्वस्त औषध आहे, आज आमच्या ट्रॉलीवर कायम असतं. पण ते तीन तासांच्या आत दिलं तरच, नंतर दिलं तर उलट तोटा दिसला. आता यात अर्धा-पाऊण तास नातेवाईकाला नऊ पानं समजावण्यात घालवला तर तो वेळ पेशंटच्या जिवातूनच जातो. पहिल्या क्रॅशमध्ये तर जिथे नातेवाईकांची संमती सक्तीची होती तिथे औषध सुरू व्हायला तासाहून जास्त उशीर झाला होता.

आता माझी कबुली. रेसिडेंट असताना मी स्वतः अशा सह्या घेतल्यात. समोरचा माणूस फॉर्म उलटा धरतोय हे दिसत असूनही मी पेन पुढे केलंय, कारण माझी नजर घड्याळावर होती. नंतर त्यातल्या एकाकडेही मी परत गेलो नाही. तुमची पोस्ट वाचून तेच डोक्यात फिरतंय.

करायचं काय: पत्रकावर प्रमुख संशोधकाचं नाव आणि एथिक्स कमिटीचा (अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीचा) फोन छापलेला असतो, असायलाच हवा. लेखी अर्ज द्या की आमच्या वडिलांना कोणत्या गटात टाकलं होतं ते कळवा. अभ्यास चालू असेल तर 'अभ्यास संपल्यावर सांगू' म्हणतील, तरी लेखी घ्या. अभ्यासातल्या पेशंटचा मृत्यू झाला तर २४ तासांत त्यांना कमिटीला कळवावं लागतं आणि तो मृत्यू औषधामुळे का मूळ माराने याची छाननी होते, औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत आहे हे. ती छाननी झाली का, निष्कर्ष काय, हे विचारा. भावाला ते लेखी उत्तर दाखवा, त्याचा उपयोग होईल.

मिडलंड्समधली सिस्टर

मी मूळची नाशिकची, गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये इमर्जन्सीला नर्स आहे. ताई तुम्ही विचारलंत ना की बाहेर विचारतच नाहीत ते कसं, तर इथं पॅरामेडिक-२ म्हणून अभ्यास झाला, वॉरिक युनिव्हर्सिटीचा, पाच अ‍ॅम्ब्युलन्स सर्व्हिस त्यात होत्या, २०१४ ते २०१७. हृदय बंद पडलेल्या माणसाला अ‍ॅड्रेनालिन द्यायचं हे आपण सगळे डोळे झाकून करतो, १९६० च्या दशकापासून चालत आलंय, पण त्याचा खरंच फायदा किती हे कोणी धड तपासलेलं नव्हतं. मग अ‍ॅम्ब्युलन्समध्ये एकसारखे दिसणारे पॅक ठेवले, काहींत अ‍ॅड्रेनालिन आणि काहींत नुसतं सलाईन, पॅरामेडिकलाही माहीत नाही कुठल्यात काय. आणि घरच्यांना विचारायचं नाही, कारण बायको जमिनीवर बसून नवऱ्याची छाती दाबतेय तिला काय विचारणार. ज्याला नकोच असेल त्यानं आधीच कळवायचं, त्याला 'नो स्टडी' लिहिलेलं स्टीलचं ब्रेसलेट मिळायचं. आठ हजारांवर पेशंट झाले. निकाल असा की अ‍ॅड्रेनालिननं महिनाभरानंतर जिवंत ३.२ टक्के, सलाईननं २.४, म्हणजे थोडे जास्त जगले, पण जगलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले अ‍ॅड्रेनालिनकडे ३१ टक्के आणि दुसरीकडे १७.८. हे वाचून मी दोन दिवस सुन्न होते, इतकी वर्षं आपण काय देत होतो आणि कशासाठी.

आणि मुद्द्याची गोष्ट अशी की जे वाचले त्यांना नंतर हॉस्पिटलमध्ये भेटून सगळं सांगितलं आणि पुढची माहिती वापरायची परवानगी मागितली. पण जे गेले, आणि बहुतेक गेलेच, त्यांच्या घरी कोणी गेलं नाही. वेबसाइटवर आणि पेपरात माहिती होती, ज्याला विचारायचं त्यानं विचारावं अशी पद्धत. कारण दिलं की आधीच दुःखात असलेल्या घराला पत्र पाठवून जखम उकरायची नाही. मला ते पटलं होतं, खरं सांगते. दिवस झाल्यावर कोणी दारात येऊन सांगितलं की तुमच्या नवऱ्याला कदाचित पाणीच टोचलं होतं, तर ती बाई ते घेऊन करणार काय. पण तुमच्या भावाचं वाचलं आणि आता मला तेवढी खात्री वाटत नाही.

एक मात्र आहे. इथं त्या बायकोला सही करावी लागली नाही. त्यामुळे 'मी सही केली' हे तिच्या वाट्याला कधी येणार नाही.

वऱ्हाडी_मन

डॉक्टरसाहेब आकडे बरोबर असतील तुमचे. पण हे अभ्यास होतात कुठं हे पण सांगा ना. सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. तिथं कोण येतं? ज्याच्याकडे दुसरीकडं जायला पैसे नाहीत तो. नाही म्हणलं तर बेड देतील का नाही ही भीती असते त्याच्या मनात, मग तो कुठंही सही करतो.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेनं २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका टाकली म्हणून ह्या देशातले नियम कडक झाले, तोवर कोणाला पडली होती? त्याच्या आधी आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींवर एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या) लसीचा प्रकल्प झाला, आदिवासी मुली, आणि खम्ममकडे कितीतरी फॉर्मवर आईबापाच्या जागी हॉस्टेलच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. तिथं कोणाचा जीव चालला नव्हता, घाई नव्हती, तरी दुसऱ्यानंच सही केली. मग घाईचं कारण मिळालं की काय होईल? एकदा का 'इमर्जन्सीत विचारायची गरज नाही' असा नियम केला की सगळंच इमर्जन्सी होते.

ताई तुमच्या भावाला म्हणा त्याची काही चूक नाही. चूक पेन पुढं करणाऱ्याची आहे.

कॅज्युअल्टीवाला

पेन पुढे करणारा मीच होतो दादा, ते मी वर लिहिलंय, त्यामुळे तुमचा राग मला लागू आहे आणि मी तो घेतो. पण गरिबांवर अभ्यास होऊच नयेत याच्याशी नाही पटत. फीस्ट म्हणून अभ्यास झाला, केनिया, युगांडा, टांझानिया, तापानं फणफणलेली आणि शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळून) आलेली लहान मुलं, ३,१४१ मुलं. शॉक म्हणजे भराभर सलाईन सोडा हे आम्हाला एमबीबीएसपासून पाठ. आयांना त्या क्षणी दोन वाक्यांत सांगून तोंडी होकार घ्यायचा आणि मूल स्थिरावलं की मग सविस्तर सांगून लेखी संमती, अशी दोन टप्प्यांची पद्धत. २०११ मध्ये थांबवावा लागला. भराभर सलाईन दिलेल्यांत ४८ तासांत साधारण १०.५ टक्के मुलं गेली आणि हळू दिलेल्यांत ७.३. हे लंडनच्या आयसीयूत अभ्यास करून कळलं नसतं, कारण तिथं व्हेंटिलेटर हाताशी असतो आणि मुलं वेगळी असतात. ज्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर नाही तिथल्या मुलाला काय द्यायचं, ते तिथंच तपासावं लागतं. नाहीतर गरिबाच्या मुलाला श्रीमंत देशाचं पुस्तक बघून औषध मिळत राहणार, आणि त्यात ते मरत राहणार, फक्त ते कोणी मोजणार नाही.

एथिक्सकमिटीतला_काका

निवृत्त शिक्षक आहे. एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून सहा वर्षं बसलो, नियमानं एक असा सदस्य लागतोच ज्याचा वैद्यकाशी संबंध नाही. त्यामुळे त्या पत्रकांचा मला फार जवळून अनुभव आहे. पहिल्या वर्षी एक पत्रक आलं, त्यात वाक्य होतं 'यादृच्छिकीकरणाद्वारे आपणास गट नियत केला जाईल'. मी म्हटलं हे माझ्या शेजाऱ्याला वाचून दाखवा, तो काय म्हणतो बघा. बदलून 'छापा-काटा केल्यासारखं ठरवलं जाईल' झालं. पण दरवेळी एक पान कमी करायला सांगावं तर वकील सदस्य दोन पानं वाढवायचे, नुकसानभरपाईचं कलम, विम्याचं कलम. ताई, ती नऊ पानं तुमच्या भावासाठी लिहिलेलीच नसतात, उद्या कोर्टात दाखवायला असतात. हे मी कमिटीत असताना बोललो होतो, इथंही बोलतो.

दोन गोष्टींत गल्लत होते ती सांगतो. बेशुद्ध माणसाचा जीव वाचवायला उपचार करायचे तर संमतीसाठी थांबायचं नसतं, कायदा तिथं डॉक्टरच्या बाजूनं उभा आहे, जुन्या दंडसंहितेच्या ९२ कलमापासून. पण अभ्यास हा त्या पेशंटच्या भल्यासाठीच केलेला नसतो, पुढच्या पेशंटसाठीही असतो, म्हणून तिथं वेगळं विचारावं लागतं. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेचं पहिलंच वाक्य की माणसाची स्वेच्छेनं दिलेली संमती अत्यावश्यक, आणि ते आलं नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे. नंतर जागतिक डॉक्टर संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यानं सवलत दिली, की माणूस बोलू शकत नाही, प्रतिनिधी हजर नाही आणि थांबता येत नाही, तर कमिटीच्या मंजुरीनं सुरू करा, पण लवकरात लवकर संमती घ्या. आपल्या आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या तत्त्वांतही आपत्तीच्या वेळी संमती माफ करायची जागा आहे, त्यातही तेच, की नंतर लवकर विचारा.

अमेरिकेनं १९९६ मध्ये याचा पूर्ण नियमच केला. जीवघेणा आजार हवा, हातातले उपचार अपुरे हवेत, ज्या भागात अभ्यास होणार तिथल्या लोकांशी आधी चर्चा हवी, आणि घरच्यांना लवकरात लवकर सांगायला हवं. कागदावर उत्तम. मग त्याच नियमाखाली पॉलिहीम नावाच्या कृत्रिम रक्ताचा अभ्यास झाला, ७२० पेशंट. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये खरं रक्त नसतं, तिथं कृत्रिम रक्त देऊन बघणं समजू शकतो. पण पेशंट हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर, रक्तपेढीत खरं रक्त असताना, बारा तासांपर्यंत कृत्रिमच चालू ठेवत होते. आता सांगा, हातातले उपचार अपुरे ही अट कुठं राहिली? नको असेल त्यानं निळं ब्रेसलेट घालावं अशी सोय होती, पण त्या गावातल्या किती लोकांना ते माहीत असणार. शेवटी मृत्यू १३.४ टक्के विरुद्ध ९.६, कृत्रिम रक्ताकडे जास्त. २००९ मध्ये एफडीएनं (तिथल्या औषध नियामक संस्थेनं) परवानगी नाकारली. म्हणून वऱ्हाडी_मन यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. सवलत दिली की ती हॉस्पिटलच्या दारातून आत शिरून बारा तास मुक्काम करते.

तरीही माझं मत कॅज्युअल्टीवाल्यांच्या बाजूला झुकतं, फक्त एका अटीवर. रात्री पावणेतीनला जी घेतली तिला संमती म्हणू नका. तिथं दोन वाक्यं सांगा, 'असा अभ्यास आहे, नको असेल तर आत्ता नाही म्हणा, उपचार तसेच होतील'. सगळा भार कमिटीनं आणि डॉक्टरनं स्वतःच्या नावावर घ्यावा, मुलाच्या नाही. आणि नंतर माणूस जगो वा जावो, घरी जाऊन सांगावं. सिस्टर, तुमची जखम उकरण्याची भीती मला कळते. पण आपल्याकडे माणूस गेला की तेरा दिवस लोक भेटायला येतात, शेवटी काय झालं होतं तेच विचारतात, तेच बोलणं असतं. त्यानंतर महिन्याभरात त्या टीममधला एक डॉक्टर येऊन चटईवर बसला आणि म्हणाला आम्ही असं असं केलं, का केलं, तर कोणी त्याला हाकलून देणार नाही. मी कमिटीत हे मांडलं होतं. 'मनुष्यबळ नाही' असं मिनिट्समध्ये नोंदवून विषय संपवला. मी तेव्हा अजून जोर धरायला हवा होता.

मिडलंड्समधली सिस्टर

काका, चटईचं वाचून रडू आलं. माझे बाबा गेले तेव्हा मी इथं होते, मला सुद्धा अजून कोणी नीट सांगितलेलं नाही की शेवटच्या रात्री काय काय दिलं. मी परत परत भावाला तेच विचारते. म्हणजे माहिती नको असते असं नाही, मी चुकत होते.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला.

काल रात्री भावाला बसवलं आणि ही चर्चा दाखवली. डॉक्टरांनी स्वतःचं लिहिलंय ना, फॉर्म उलटा धरल्याचं, तिथं तो थांबला, म्हणाला "मी पण बघितलाच नव्हता गं, सुलटा होता का उलटा". मग स्वतःच म्हणाला काढ ती पानं. त्यानं मोठ्यानं वाचलं, मी ऐकलं. तो बीकॉम, मी शिक्षिका, घरात शांतता, पंखा पण बंद केला होता, तरी नऊ पानांना पस्तीस मिनिटं लागली आणि दोनदा मागं जावं लागलं. पाचव्या पानावर लिहिलंय की आपण कधीही अभ्यासातून बाहेर पडू शकता. अण्णा आयसीयूत पाच दिवस होते. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसून होतो, तेच डॉक्टर रोज दोनदा राउंडला जायचे, थांबून बोलायचे पण. या पाच दिवसांत हे एकदाही निघालं नाही.

मग केस पेपर शेजारी ठेवला. कॅज्युअल्टीत घेतलं ०२.३१. सही ०२.४५. अभ्यासाचं इंजेक्शन ०२.५२. भाऊ बराच वेळ त्या तीन वेळांकडे बघत बसला आणि म्हणाला चौदा मिनिटांत सीटीचे पैसे भरून मी खाली-वर दोनदा गेलो होतो.

पत्रकावर कमिटीचा नंबर आहे, फोन लागला, बाई नीट बोलल्या, सोमवारी अकरानंतर या म्हणाल्या, लेखी अर्ज आणा. अर्जात तीनच गोष्टी लिहिल्यात: अण्णा कोणत्या गटात होते, मृत्यूची छाननी झाली का आणि काय ठरलं, आणि त्या रात्री सही घेणाऱ्या डॉक्टरांना भेटायचंय. तिसरी भावानं घालायला लावली. भांडायला नाही म्हणाला, त्यांना आठवतंय का एवढंच विचारायचंय.

अर्जाखाली सही त्यानंच केली. मी सोमवारी रात्री लिहिते.